पायाळू बाईंची पाठ

मी वाकले ती वाकलेलीच राहिले.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. खो-खोच्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारायच्या होत्या. घमेलं शेजारी ठेवलं, मूठभर फक्की घेतली, पहिली रेष ओढायला खाली वाकले आणि कमरेच्या डाव्या बाजूला अशी कळ आली की डोळ्यांपुढं ना मैदान ना फक्की. सरळ व्हावं तर जमेना, खाली बसावं तर तेही जमेना. मागं सातवीच्या मुली रांगेत उभ्या होत्या. बाई वाकल्या म्हटल्यावर त्याही वाकल्या. मी कण्हून "अगं आई गं" म्हटलं, तर मागून चाळीस जणी एका सुरात म्हणाल्या, "अगं आई गं!"

"गाढवींनो, ही कवायत नाही! मला धरा कुणीतरी!" मी ओरडले, तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. शाळेच्या शिपाईमामांनी टांगा आणला. दोघी-तिघींनी मला तशीच अर्धी वाकलेली टांग्यात चढवली. सोलापूरच्या रस्त्यांवर किती खड्डे आहेत ते मला त्या दिवशी एकूण एक कळलं.

मी मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायची. माहेर मोडनिंबचं, शेतकऱ्याचं घर. शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला जाते म्हटल्यावर वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. "पोरीनं पळायचं कशापायी? कोण मागं लागलंय?" असं त्यांचं म्हणणं. तरी मी गेले, पास झाले आणि सोलापुरात नोकरीला लागले. शाळेत आले तेव्हा मुली पदर, ओढण्या, वेण्या सांभाळत गोगलगायीसारख्या चालायच्या. चार वर्षांत मी त्यांना पळवलं, लेझीम शिकवलं, खो-खोत दुसऱ्या शाळांना पाणी पाजायला शिकवलं. गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभी राहिले की मला दुसरं काही नको असायचं. संसार, स्वयंपाक, नातेवाईक, सगळं त्याच्यानंतर. हे बायकांनी बोलू नये म्हणतात, पण खरं ते खरं.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा मी शाळेत कुणाला सांगत नव्हते. मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. आमच्याकडं पायाळू माणसाचं मोठं प्रस्थ. पायाळूवर वीज पडते म्हणून ढग गडगडला की आई मला घरात ओढायची. आणि कुणाच्या पाठीत उसण भरली, चमक निघाली, तर पायाळूनं तीनदा पाय लावला की ती जाते, असं सगळे मानायचे. मी पाच-सहा वर्षांची होते तेव्हापासून माणसं आमच्या अंगणात पालथी पडायची आणि मी त्यांच्या पाठीवर पाय ठेवायची. सरपंचसुद्धा पडले होते. त्या वयात गावातल्या मोठमोठ्या माणसांना लाथ मारायला मिळते याचा मला भारी आनंद व्हायचा.

लग्न होऊन सोलापुरात आले. आमचे हे गिरणीत कारकून. आम्ही भाड्यानं राहायचो ती गल्ली विणकरांची. घरोघरी तेलुगू बोलणारी माणसं, पुरुष मागावर, बायका दारात विड्या वळत बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मान खाली, पाठ वाकडी. अशा पाठीत उसण भरेल नाही तर काय होईल? शेजारच्या अक्काला एकदा अशी भरली की ती सुपावरच आडवी झाली. मला राहवलं नाही. पाय लावला. दुसऱ्या दिवशी अक्का टुणटुणीत. झालं! आठवड्याभरात माझ्या दारात रांग लागली.

याला नियम होते. पहाटे, तोंडात पाणीसुद्धा न घालता. बोलायचं नाही. तीनदा पाय लावायचा. जाणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. आणि पायाळूनं आपल्या या कामाची वाच्यता करायची नाही, केली की गुण जातो. मोडनिंबला माणूस अंगणात पालथा पडायचा. इथं अंगण कुठलं? खोली एवढीशी, बाहेर गटार. म्हणून बाया दाराची चौकट धरून, माझ्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या, आणि मी लुगडं सावरून, डाव्या पायावर उभी राहून, उजवा पाय त्यांच्या कमरेपर्यंत उचलायची. रोज आठ-दहा जणी, रविवारी वीससुद्धा. मग आंघोळ करून, पातळ नेसून, शाळेत जाऊन मुलींना आरोग्याचे नियम सांगायची. अंधश्रद्धेवरचे निबंधही तपासायची. लाज वाटायची, नाही असं नाही. पण अक्का सरळ चालायला लागली की लाज विसरायला व्हायची.

तर त्या दिवशी टांग्यातून मला उतरवलं तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. अक्कानं तोंडावर हात मारला. "अय्यो! टीचरम्मा, तुलाच भरली की गं! आता तुला कोण लाथ घालणार?"

आमचे हे गिरणीतून आले, मला बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझा पाय तुझ्याच पाठीला पोचतोय का बघ की."

मी हाताशी होता तो पेला फेकून मारला. नेम चुकला. पाठ दुखत नसती तर चुकला नसता.

पाचव्या दिवशी मोठ्या बाई घरी आल्या. आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. बाई प्रेमळ, पण शाळा म्हणजे शाळा. त्यांनी माझ्या कपाळावरून हात फिरवला, मोसंबी ठेवली आणि म्हणाल्या, "हे बघा, सव्वीस जानेवारीचं संचलन आपल्या शाळेकडं आहे. तोपर्यंत उभ्या राहिलात तर मैदान तुमचंच. नाही तर यंदा आलेल्या नव्या बाईंकडं ड्रिल द्यावं लागेल. तुमची नोकरी कुठं जात नाही. तुम्हाला बसून करायचं काम देऊ. शिवणाचे तास घ्या."

शिवण! मी मोसंबीकडं बघत राहिले. झबली आणि उशांचे अभ्रे! त्यात वाईट काही नाही, पण वडिलांशी भांडून मी घराबाहेर पडले होते ती काय काजं करायला? मोठ्या बाई गेल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. पाठ दुखत होती म्हणून नाही. माझं मैदान जाणार म्हणून.

सव्वीस जानेवारीला अडीच महिने होते. मी ठरवलं, काय वाटेल ते करीन पण उभी राहीन. आणि पहिली गोष्ट केली ती अशी, की माझ्यासारखं शिकलेलं माणूस करणार नाही असं तुम्ही म्हणाल. दुसरा पायाळू शोधायला निघाले.

यांची एक आत्या केमला होती. ती पायाळू. वय साठीचं, अंगानं आडवी, हाताला शेतातल्या कामाचे घट्टे. तिच्या पायाला माझ्यापेक्षा जास्त गुण आहे असं सासरकडचे सगळे म्हणायचे आणि मला ते कधी आवडलं नव्हतं. पण गरज पडली की मान खाली घालावीच लागते. पॅसेंजरनं केमला गेलो. रात्रभर मी कुशीवरसुद्धा वळू शकले नाही. पहाटे आत्याबाईंनी मला चौकट धरून उभं केलं.

"हितं दुखतंय व्हय?"

बोलायचं नसतं, म्हणून मी नुसती मान हलवली. पहिली लाथ बसली तेव्हा चौकट हातातून सुटली. दुसरी बसली तेव्हा मी उंबऱ्यावर. आत्याबाईंनी उभ्या आयुष्यात बैलालासुद्धा एवढ्या मनापासून हाकललं नसेल. तिसरी खायला मी उरलेच नव्हते. "तीन पुऱ्या झाल्या न्हाईत, आता गुण येतोय का न्हाय काय म्हाईत," असं त्या वर मलाच बोलल्या. परत येताना यांनी हातापाया पडून एक आख्खं बाकडं मोकळं करून घेतलं आणि मी त्यावर आडवी पडून आले. हे सोलापूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी गाडीतून उडी मारली असती. पण उडी तरी कुठली मारता येत होती म्हणा!

मग चौकातले डॉक्टर झाले. भला माणूस. काही जड उचललं का? नाही. पडलात का? नाही. घसरलात? नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, कमरेला पट्टा दिला, गादीऐवजी फळीवर निजायला सांगितलं. मी दहा दिवस फळीवर पडून राहिले. भाकरी हे करायचे. ती भाकरी कुठल्याही बाजूनं बघितली तरी भाकरी वाटायची नाही, पण शेंगांच्या चटणीबरोबर मी गपगुमान खायची. आणि खरं सांगते, दहाव्या दिवशी मला बरं वाटलं. उठले, चालले. मी बरी झाले हे गल्लीला कळलं आणि दुसऱ्या पहाटे बाया पुन्हा दारात. किती दिवसांच्या अडलेल्या बिचाऱ्या! मी पाय लावला. तीन दिवस लावला. चौथ्या दिवशी पुन्हा फळीवर.

असं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी थंडीला दोष दिला, टांग्याला दोष दिला, यांच्या भाकरीलासुद्धा दोष दिला. डॉक्टरांनी हात टेकले. "बाई, तुम्ही माझ्यापासून काही लपवता का?" त्यांनी विचारलं. मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही." गुण जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की ड्रिलच्या शिकलेल्या बाई पहाटे उठून लोकांना लाथा मारतात हे शहराला कळेल.

मोठ्या दवाखान्यात फोटो काढला. हाडं चांगली. "यात काही दिसत नाही," तिथले डॉक्टर म्हणाले. हे ऐकून माणसाला आनंद व्हायला पाहिजे. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुखतंय मला, आणि दिसत नाही तुम्हाला! तोवर शाळेत कुजबूज सुरू झालीच होती, बाईंना आता मैदान नको झालंय, ऊन लागतंय. एक बाई भेटायला येऊन समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "कधी कधी मनाचंही असतं हो." मी म्हटलं, "मनाचं असतं तर मी ते मनातच ठेवलं असतं, कमरेत कशाला आणलं असतं?" त्या परत आल्या नाहीत.

डिसेंबर अर्धा सरला. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेची बोलणी सुरू झाली. शाळेत नव्या बाईंनी माझ्या मुलींना घेऊन सराव सुरू केला असं कळलं आणि मी जेवले नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मला मागच्या बाजूच्या एका खोलीत पाठवलं होतं. फिजिओथेरपी. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. खोलीत एक लाकडी बाक, एक दिवा आणि चिमणीएवढी एक मुलगी. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, मनगटात मोठं पुरुषी घड्याळ. मला वाटलं, ही कंपाउंडर असेल, डॉक्टर येतील. डॉक्टर तीच होती.

"सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय करता ते सगळं सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. चूल, पाणी, आंघोळ, शाळा, मैदान, स्वयंपाक. ती लिहून घेत होती. मग पेन्सिल थांबली.

"उठता पाचला. चूल पेटवता सहाला. मधला तासभर काय करता?"

"काही नाही."

"तासभर काही नाही?"

"देवाचं नाव घेते."

तिनं मान डोलावली. मला उभं केलं. उजव्या पायावर उभं राहायला सांगितलं, राहिले. डाव्या पायावर उभं राहा म्हणाली. राहिले, उजवा पाय उचलला आणि तीच कळ, तिथंच! मी बाकाला धरून ओरडले. तिनं पाठीवर बोटं ठेवली. डाव्या बाजूचा एकेक स्नायू दाबत गेली. जिथं बोट ठेवी तिथंच दुखे, इंचभर इकडंतिकडं नाही. महिनाभरात पहिल्यांदा कुणालातरी माझं दुखणं सापडलं होतं. मला रडूच आलं.

"इथं रोज ताण पडतोय," ती म्हणाली. "डाव्या पायावर तोल सांभाळत उजवा पाय उंच उचलला तरच असा पडतो. ताई, देवाचं नाव एका पायावर उभं राहून घेता का?"

ती चेष्टा करत नव्हती, खरंच विचारत होती. आणि माझा बांध फुटला. मी सगळं सांगून टाकलं. पायाळू, चौकट, अक्का, रविवारची रांग, केमच्या आत्याबाई, सगळं. सांगताना मी तिच्याकडं बघत नव्हते. आता ही हसणार, मग दवाखान्यात सांगणार, मग शाळेत कळणार. ती हसली नाही. उठली, खिडकीची चौकट धरून माझ्याकडं पाठ करून उभी राहिली.

"दाखवा कसं करता ते. हळू. फक्त एकदा."

मी डॉक्टरला लाथ मारली! पाय अर्धा वर गेला आणि मीच "आई गं" म्हणून बाकावर बसले. ती वळली आणि तिचे डोळे चमकत होते. "सापडलं," ती म्हणाली. "थंडीत, अंग आखडलेलं असताना, एका पायावर, तेही दहा-दहा जणींना तीन-तीन वेळा. ताई, तुम्ही दुसऱ्यांच्या पाठी बऱ्या करता करता स्वतःची घालवलीत."

काय सांगू, त्या क्षणी मला किती हलकं वाटलं! मी खोटारडी नव्हते. आळशी नव्हते. मनाचं नव्हतं. दुखण्याला कारण होतं आणि ते कारण माझ्याच पायात होतं.

पण मग तिनं उपचार सांगितले आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. पाय लावणं बंद. गुडघे ताठ ठेवून पायाचे अंगठे धरायची कवायत बंद, जी मी चार वर्षं मुलींकडून छातीठोकपणे करून घेत होते. गरम पाण्याचा शेक. आणि व्यायाम: उताणं पडून, गुडघे दुमडून, कंबर जमिनीला दाबायची. आणि चार पायांवर रांगायचं.

"रांगायचं? मी ड्रिल शिकवते, बाई! लहान पोर आहे का मी?"

"ड्रिल शिकवता म्हणूनच सांगते," ती शांतपणे म्हणाली. "नेमानं कराल. बाकीचे आठ दिवसांत सोडतात."

घरी येऊन मी यांच्यासमोर थयथयाट केला. हे बिडी विझवून म्हणाले, "रांग की मग. मी दार लावतो." आणि दार लावून आले ते माझ्या शेजारी रांगायला लागले! गिरणीतला कारकून, धोतर खोचून. मी इतकी हसले की तेवढ्यानंच पाठ मोकळी झाली असं वाटलं.

खरी परीक्षा पुढच्याच आठवड्यात झाली. पहाटे दारावर थाप. अक्का. चेहरा पांढरा पडलेला, एक हात कमरेवर. काही न बोलता तिनं चौकट धरली आणि पाठ माझ्याकडं केली.

माझा पाय उचलायला लागला होता, खोटं बोलत नाही. अक्कानं माझ्या दुखण्यात रोज दुपारी भात-आमटी आणून दिली होती. एक लाथ, एकच! काय होणार आहे? पण समोर मैदान दिसलं. मी पाय खाली ठेवला आणि बोलले. पहाटेचा नियम मोडून बोलले. "अक्का, नाही. मी आता पाय लावणार नाही."

ती गर्रकन वळली. "का? आमच्या पाठीला दुखत नाही का? तुझी पाठ तेवढी पाठ?"

"तसं नाही गं..."

"गुण गेला तुझा. दवाखान्यात जाऊन सांगितलं ना? गेला!" आणि ती भिंत धरत धरत निघून गेली. मागं वळून बघितलं नाही.

मला फार लागलं ते. दिवसभर सुचेना. दुपारी अक्काच्या दारात गेले. ती सुपापाशी पडून होती. मी एक शब्द न बोलता तिच्या खोलीत उताणी पडले, गुडघे दुमडले आणि कंबर जमिनीला दाबली. "असं कर," म्हटलं. अक्का बघत राहिली. "तू काय करतीस ते?" "तू कर तर. मी इथंच पडलीय." तिनं केलं. शिव्या देत, तेलुगूत काय काय पुटपुटत, पण केलं. रोज दुपारी मी जायची, आम्ही दोघी तंबाखूच्या वासात जमिनीवर पडायचो. तिसऱ्या दिवशी मी तिला सूप मांडीवरून उचलून लाकडी खोक्यावर ठेवायला लावलं, म्हणजे मान वर राहील. गिरणीच्या दर भोंग्याला उठून उभं राहायचं, हाही नियम घातला. आठव्या दिवशी अक्का रस्त्यावरून माझ्यासमोर ताठ चालत गेली आणि म्हणाली, "गुण गेला नाही टीचरम्मा. पायातून निघून डोक्यात गेला."

मग काय विचारता! संक्रांत येईपर्यंत अक्काच्या खोलीत माणूस मावेना. बाया रांगायच्या, हसायच्या, एकमेकींच्या लुगड्यांवर गुडघे द्यायच्या. पहाटेची माझी रांग बंद झाली आणि दुपारची सुरू झाली. मी शिट्टी तेवढी वाजवायची बाकी होती.

माझीही पाठ दर दिवसाला थोडी सुटत होती. कधी एक दिवस मागं जायची, मी चिडायची, चिमणीएवढी डॉक्टर म्हणायची, "चिडा, पण रांगा." जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं मला डाव्या पायावर उभं केलं. मी उभी राहिले. तिनं घड्याळात बघितलं. मिनिट झालं. मी उभीच.

"जा आता तुमच्या मैदानावर," ती म्हणाली.

मी दवाखान्यातून थेट शाळेत गेले. सराव चालला होता. नव्या बाई शिट्टी वाजवत होत्या. वाईट वाजवत नव्हत्या, हे कबूल करते. मुलींनी मला बघितलं आणि रांगा मोडून धावत आल्या. मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांच्यापुढं जाऊन मी म्हटलं, "बाई, मला दहा दिवस द्या. आणि एक सांगायचंय." मी तिथंच, व्हरांड्यात उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. लपवून काय मिळालं होतं ते मला कळलं होतं. मोठ्या बाईंच्या भुवया वर गेल्या त्या खाली यायला वेळ लागला.

"तुम्ही? लाथा?" त्या म्हणाल्या.

"हो. आता नाही मारत."

"संचलन व्हायचंय ते तुमच्या अंगावर," मोठ्या बाई म्हणाल्या. "मधेच पाठ धरलीत तर शाळेची शोभा होईल. मग मात्र मला शिवणाचंच बघावं लागेल."

त्या दहा दिवसांत मी मुलींची कवायत उलटीपालटी केली. अंगठे धरायचं काढून टाकलं. गुडघ्यातून वाकायला शिकवलं. नव्या बाईंनी डंबेल्स घेतले, मी लेझीम घेतलं. आमचं भांडण व्हायचं ते राहूनच गेलं.

सव्वीस जानेवारीला मैदानाच्या तिन्ही बाजूंनी माणसं. कडेच्या तारेपलीकडं बघते तर आमची गल्ली. अक्का पुढं, नवं पातळ नेसून, मागं विडीवाल्या बाया झाडून सगळ्या. कामाचा दिवस बुडवून आल्या होत्या. शाळेच्या मैदानाजवळ त्या कधी फिरकल्या नव्हत्या. त्यांच्यात ती डॉक्टर मुलगीही उभी होती.

मधेच कळ आली तर? मी शिट्टी तोंडात धरली. वाजवली. तीनशे मुली हलल्या. मी त्यांच्यापुढं, प्रत्येक चाल त्यांच्यापेक्षा मोजणीचा एक आकडा आधी. लेझीम वर, लेझीम खाली, बैठक, उडी, वळसा. पहिली पाच मिनिटं मी पाठीकडं कान लावून होते. सहाव्या मिनिटाला विसरले. पाठ आहे हेच विसरले! मुलींच्या लेझमांचा आवाज, धूळ, ऊन, आणि मी. शेवटच्या बैठकीतून तीनशे जणी एका झटक्यात उठल्या, मीही उठले, आणि तारेपलीकडून बायांनी जो गिल्ला केला तो पाहुण्यांच्या टाळ्यांच्याही वर गेला.

मुली पांगल्यावर मोठ्या बाई माझ्याकडं आल्या. चेहरा नेहमीसारखा गंभीर. "म्हणजे शिवणाच्या तासाला आता मला दुसरं कुणीतरी शोधावं लागणार."

"व्हय!" मी ओरडले. शाळेत चार वर्षं मी शुद्ध बोलत आले होते. मोठ्या बाई हसल्या. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मंडप काढायला माणसं आली होती. मी पदर कमरेला खोचला, चपला कडेला काढून ठेवल्या आणि पळायला लागले. मैदानाला एक फेरी. वळणावर डॉक्टर मुलगी मनगटावरच्या घड्याळात बघत होती, अक्का ओरडत होती, "टीचरम्मा, बस गं, बस झालं!"

मी दुसरी फेरीही मारली.